रोव्हर आला, टिपण तेच राहिलं : जमीन मोजणीची पार्श्वभूमी

मुंबई इलाख्याची शेतवार मोजणी 1830च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून नव्याने बसवली गेली. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. एक साखळी चौरस म्हणजे गुंठा आणि 40 गुंठ्यांचा एकर. पुढे मोजणीसाठी फलकयंत्र आलं, टोटल स्टेशन हे इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं. पण आधार टिपणाचाच, म्हणजे शेताच्या हद्दीची अंतरं लिहिलेल्या मूळ मोजणी-कागदाचाच राहिला.

उपग्रहांवरून जागा ठरवणं नागरी वापरासाठी खरं उपयोगी झालं ते मे 2000 मध्ये. अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक तेव्हा काढून टाकली. तरीही काही मीटरचा फरक उरायचाच, आणि बांधावरच्या भांडणात तो चालत नाही. म्हणून ज्याचं स्थान पक्कं माहीत आहे अशा जागी उपग्रहांचे संकेत घेणारा एक रिसीव्हर ठेवून त्याची दुरुस्ती शेतात फिरणाऱ्या दुसऱ्या रिसीव्हरला, म्हणजे रोव्हरला, रेडिओवरून पाठवायची पद्धत रुळली. यात दहा-वीस किलोमीटरपलीकडे अचूकता ढासळते, कारण दोन्ही ठिकाणच्या वरचं वातावरण सारखं राहत नाही. कायम चालू असणाऱ्या केंद्रांचं जाळं, म्हणजे कॉर्स, ही अडचण सोडवतं. सगळ्या केंद्रांची निरीक्षणं एकत्र करून तुमच्या जागेपुरती दुरुस्ती काढली जाते आणि ती मोबाइल इंटरनेटवरून रोव्हरला मिळते. महाराष्ट्रात अशी 77 केंद्रं उभी राहिली. फेब्रुवारी 2021 च्या केंद्रीय धोरणाने ही सेवा भारतीय संस्थांना निर्बंधांशिवाय खुली केली. आता भूकरमापक (सरकारी मोजणीदार) एकटा रोव्हर घेऊन शेतात उतरतो आणि दोन-तीन सेंटिमीटरच्या आत बिंदू घेतो.

वाद इथून पुढे आहे. टिपणात अक्षांश-रेखांश नाहीत. आहेत ती साखळी-आण्यातली अंतरं, आणि एक आणा म्हणजे दोन फुटांहून थोडं जास्त. त्यात 1947च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबरांचे गट झाले, आणि कित्येक गावांत गटनकाशा व वहिवाट यांचा मेळ बसेनासा झाला. अशा वेळी सरसकट फेरमोजणी करायची, की रोव्हरने घेतलेल्या वहिवाटीवर जुना नकाशा बसवायचा? हद्दकायम मोजणीत, म्हणजे शेताची हद्द दाखवून देणाऱ्या मोजणीत, दुसरी वाट धरली गेली. जुनी विहीर, दगड, गावशीव अशा खुणा धरून नकाशा संगणकावर फिरवला-सरकवला जातो. कोणत्या खुणा धरल्या यावर हद्द हलते. तेच टिपण, तोच गट, दोन मोजण्या आणि दोन हद्दी असं घडू शकतं, आणि त्याचा फटका आठ-दहा गुंठेवाल्याला सर्वांत जास्त बसतो. फेरमोजणी खर्चिक आहे, तिच्यातून नवे दावे उभे राहतील, हा आक्षेप खराच. पण धरलेल्या खुणा आणि त्यांचे अक्षांश-रेखांश क प्रतीवर (मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशावर) स्पष्ट नोंदवायला तो आड येत नाही. तेवढं झालं तर पुढचा भूकरमापक त्याच बिंदूंवर उभा राहील.

गावठाणांची गोष्ट वेगळी. 2020 पासून देशभर सुरू झालेल्या ड्रोन मोजणीत घरांच्या हद्दी थेट नव्याने आखल्या गेल्या. तिथे बहुतेक ठिकाणी जुना नकाशाच नव्हता.