निरीक्षण आणि अन्वयार्थ: स्पीच थेरपी शिकताना हाती लागणारी दोन वेगळी कौशल्यं

स्पीच थेरपी किंवा ऑडिओलॉजी (श्रवणशास्त्र) शिकलेल्यांच्या बायोडेटात ‘उत्तम निरीक्षणशक्ती’ हमखास असते. पुढे दिलेलं उदाहरण मात्र बहुतेकदा अन्वयार्थाचं निघतं.

‘मूल सहकार्य करत नाही’ हे निरीक्षण वाटतं, पण तो अन्वयार्थ आहे. निरीक्षण असं लिहितात: १० चित्रं विचारली, ६ वेळा उत्तर दिलं, ४ वेळा गप्प, त्या चारही वेळी विचारणारी व्यक्ती मुलाच्या मागे उभी होती. आता आधी श्रवणचाचणी करायला हवी, हे उघड आहे. पहिलं वाक्य फाइलमध्ये गेलं असतं, तर पुढच्या प्रत्येक थेरपिस्टने तेच गृहीत धरलं असतं.

‘बोबडा बोलतो’ हेही तसंच. मूल ‘काका’ला ‘ताता’ आणि ‘गाडी’ला ‘दाडी’ म्हणतं. इथे शब्द मोजायचे नाहीत, ध्वनीच्या संधी मोजायच्या. ‘काका’त क दोनदा येतो, म्हणून संधी दोन. समजा २० संधींपैकी १४ वेळा क-ग च्या जागी त-द आले. निरीक्षण इथे संपलं. कंठ्य (जिभेच्या मागच्या भागाने होणारे) ध्वनी दंत्य (जीभ दातांना लावून होणारे) होताहेत, हा अन्वयार्थ. बरोबर आलेले सहाही ‘नाक’, ‘एक’ अशा शब्दांच्या शेवटी असतील, तर जीभ मागे जाऊ शकते एवढं कळलं. मग कारण स्नायूंत शोधण्याआधी मुलाने ध्वनींचा कोणता नियम बांधलाय ते पाहायचं.

निरीक्षणातली नेहमीची चूक कानाची असते. शब्द आधीच ठाऊक असला की ‘ताता’सुद्धा ‘काका’ ऐकू येतं. म्हणून रेकॉर्डिंग करून दोघांनी एकमेकांचा कागद न पाहता लिहायचं. ५० पैकी ४३ ध्वनी जुळले, तर जुळणी ८६ टक्के. हा आकडा फसवाही असतो: जवळजवळ सगळेच उच्चार बरोबर असतील, तर डुलक्या काढणारे दोघेही ‘बरोबर, बरोबर’ लिहून छान जुळतील. योगायोगाने होणारी जुळणी वजा करणारं ‘कोहेनचा कप्पा’ (kappa) हे माप त्यासाठीच वापरतात.

उलटी चूकही दिसते. अन्वयार्थाची धास्ती घेतलेले विद्यार्थी नुसते आकडे लिहून मोकळे होतात आणि पालकांनी काय करायचं ते अहवालात सापडत नाही. सोप (SOAP) पद्धतीच्या नोंदीत चार भाग असतात: व्यक्तीने किंवा पालकांनी सांगितलेलं, मोजलेलं, त्याचा अर्थ, पुढची योजना. तिसऱ्यातलं दुसऱ्यात सांडू न देणं, हीच सवय क्लिनिकबाहेर विम्याचे दावे तपासताना किंवा ग्राहकांच्या मुलाखती घेताना कामी येते.

बायोडेटात मग ‘निरीक्षणशक्ती’ऐवजी लिहावं: रेकॉर्डिंगवरून ध्वनिलेखन (ऐकलेले उच्चार जसेच्या तसे लिहिणं), दोन श्रोत्यांची जुळणी काढणं, सोप नोंदी. अन्वयार्थासाठी वेगळी ओळ ठेवावी आणि चाचणीच्या निकालावरून कोणता निर्णय बदलला ते तिथे सांगावं.