आकाशवाणी पुणे : बातम्या, पक्षपात आणि विश्वास

सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रसारण संस्थेच्या बातम्यांवर श्रोत्यांनी किती विसंबावे, हा पुण्यातला वाद मुख्यतः आकाशवाणीभोवती फिरतो. शिवाजीनगरचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांचे प्रादेशिक बातमीपत्र ही त्याची ओळख. धरणातला विसर्ग, दहावीचा निकाल, पालखीचा मुक्काम यांत चूक झाली तर श्रोत्याला ती त्याच दिवशी कळते. पक्षपाताचा आरोप होतो तो सहसा राजकीय बातम्यांबाबत, आणि त्यातही खोटे सांगितल्यापेक्षा वगळल्याबद्दल अधिक.

याचा कळस आणीबाणीत झाला. २६ जून १९७५ च्या सकाळी इंदिरा गांधींनी आणीबाणी लागू झाल्याचे आकाशवाणीवरूनच सांगितले. येरवडा तुरुंग राजबंद्यांनी भरला, पुण्यातले ‘साधना’ साप्ताहिक सेन्सॉरशी झगडत होते. रेडिओवर मात्र इंदिरा गांधींच्या वीस कलमी कार्यक्रमाचा प्रचार चालू होता. सरकारशी सहकार्य करायला नकार दिला म्हणून १९७६ मध्ये किशोरकुमारांची गाणीही बंद झाली. ‘ऑल इंदिरा रेडिओ’ हे टोपणनाव त्या काळातले. १९७७ च्या निवडणुकीत पुण्यातून विरोधी पक्षाचे मोहन धारिया निवडून आले. राजकीय पक्षांना आकाशवाणीवर प्रचारासाठी वेळ मिळू लागला तोही याच निवडणुकीपासून.

आकाशवाणी-दूरदर्शनच्या स्वायत्ततेचा विचार करण्यासाठी नेमलेल्या वर्गीज समितीने १९७८ मध्ये स्वायत्त न्यासाची शिफारस केली. या दोन्ही संस्था स्वायत्त महामंडळाकडे सोपवणारा प्रसार भारती कायदा व्हायला १९९० उजाडले आणि तो लागू व्हायला १९९७! मधल्या काळात, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. तो देणाऱ्यांपैकी न्या. पी. बी. सावंत निवृत्तीनंतर पुण्यात राहत. स्वायत्तता मात्र बव्हंशी कागदावरच राहिली. पगार केंद्राच्या अनुदानातून होतात आणि वृत्त विभागातले अधिकारी भारतीय माहिती सेवेचे, म्हणजे केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाच्याच केडरचे असतात. सत्ता कोणाची यावर तक्रारदार ठरतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरसंघचालकांचे विजयादशमीचे भाषण दूरदर्शनने थेट दाखवले, तेव्हा काँग्रेस आणि डावे पक्ष संतापले होते.

तरीही ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूट या पत्रकारिता-संशोधन संस्थेच्या पाहण्यांत दूरदर्शन आणि आकाशवाणी विश्वासार्हतेत वरच्या रांगेत दिसतात. पाहणी इंग्रजी जाणणाऱ्या इंटरनेटधारकांची असते; मुळशी-वेल्ह्याचा रेडिओ ऐकणारा शेतकरी तीत येतच नाही. त्याच्या मताचा अंदाज जून २०२३ मधल्या प्रसंगावरून बांधता येतो. पुण्याचा वृत्त विभाग बंद करून बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय झाला, तेव्हा श्रोत्यांपासून सत्ताधारी पक्षाच्या नेत्यांपर्यंत विरोध झाला आणि निर्णय स्थगित झाला.

खाजगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, फार तर आकाशवाणीच्याच बातम्या जशाच्या तशा लावता येतात. त्यामुळे पुणेकराला रेडिओवरची बातमी रेडिओवरच पडताळून पाहता येत नाही; त्यासाठी वर्तमानपत्र किंवा मोबाइल लागतो.