बाह्यग्रहांचा शोध : खोट्या चाहुलींपासून वातावरणाच्या वर्णपटापर्यंत

एप्रिल २०२५मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी के२-१८बी या बाह्यग्रहाच्या, म्हणजे सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाच्या, वातावरणात डायमिथाइल सल्फाइडची खूण दिसल्याचे जाहीर केले. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्मजीवांमुळे तयार होतो, त्यामुळे परग्रहावरच्या जीवसृष्टीचे मथळे झळकायला वेळ लागला नाही. पुढच्या काही आठवड्यांतच इतर गटांनी तीच निरीक्षणे आपापल्या पद्धतीने तपासली आणि ती खूण फिकी पडली. ही खेचाखेच पाहून अनेकांचा विरस झाला. पण या क्षेत्राची वाटचाल ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्यात काहीच वावगे वाटणार नाही, कारण बाह्यग्रहांचे शास्त्र उभे राहिले ते अशाच उलटतपासणीवर.

सुरुवात बरीच जुनी आहे. १८५५ साली मद्रास वेधशाळेच्या कॅप्टन जेकब यांना ७० ऑफियुकी या जोडताऱ्याच्या कक्षेत विसंगती दिसली आणि तिथे ग्रह असण्याची दाट शक्यता त्यांनी वर्तवली. ती खरी ठरली नाही. पुढे खगोलशास्त्रज्ञ पीटर व्हान द कँप यांनी अमेरिकेतल्या स्प्राउल वेधशाळेत बर्नार्डच्या ताऱ्याची छायाचित्रे वर्षानुवर्षे घेतली आणि तो तारा किंचित झोके घेतो असे दिसल्यावरून १९६३मध्ये त्याच्याभोवती गुरूपेक्षा मोठा ग्रह असल्याचे सांगितले. सूर्यापासून अवघ्या सहा प्रकाशवर्षांवरचा तारा, त्यामुळे हा ग्रह पाठ्यपुस्तकांतही जाऊन बसला. १९७३मध्ये मात्र दुसऱ्या वेधशाळांच्या छायाचित्रांत तो झोका सापडेना. इकडे स्प्राउलच्याच छायाचित्रांत दुसरे काही तारेही त्याच सुमारास हललेले दिसले. हलले होते ते तारे नव्हेत. दुर्बिणीच्या भिंगाच्या बैठकीत तेव्हा बदल केला गेला होता. (बर्नार्डच्या ताऱ्याभोवती छोटे ग्रह आहेत हे २०२४-२५मध्ये कळले, पण त्यांचा व्हान द कँप यांच्या ग्रहाशी काही संबंध नाही.)

या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग जानेवारी १९९२मधला, अटलांटा येथील अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या अधिवेशनातला आहे. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ अँड्र्यू लाइन यांनी आदल्या वर्षी एका पल्सारभोवती (ठरावीक लयीत रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या मृत ताऱ्याभोवती) ग्रह सापडल्याचे जाहीर केले होते. त्याचा प्रदक्षिणाकाल होता सहा महिने, म्हणजे पृथ्वीच्या वर्षाच्या बरोबर निम्मा. शंका तिथेच यायला हवी होती. अधिवेशनाच्या थोडेच दिवस आधी लाइन यांच्या लक्षात आले, की गणितात पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचा हिशेब नीट धरलेला नव्हता. तो धरताच ग्रह नाहीसा झाला. भरल्या सभेत त्यांनी हे सरळ सांगितले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यानंतर बोलायला उठले अलेक्झांडर वोल्श्चान. त्यांनी आणि डेल फ्रेल यांनी पीएसआर बी१२५७+१२ या पल्सारभोवती दोन ग्रह शोधले होते. सूर्यमालेबाहेरचे पक्के ठरलेले पहिले ग्रह ते हेच.

सूर्यासारख्या ताऱ्याच्या बाबतीतही घाई टळली ती याच धड्यांमुळे असावी. ग्रह फिरतो तेव्हा तारादेखील किंचित डुलतो आणि त्याच्या वर्णपटातल्या रेषा मागेपुढे सरकतात. गुरूमुळे सूर्याला येणारा वेग सेकंदाला सुमारे १२ मीटर आहे आणि ती फेरी पुरी व्हायला १२ वर्षे लागतात. ५१ पेगॅसी या सूर्यासारख्या ताऱ्याचा ग्रह मात्र ४.२ दिवसांत प्रदक्षिणा घालत होता, तोही वस्तुमानाने गुरूच्या निम्मा असून! ताऱ्याच्या इतक्या जवळ असे ग्रह असू शकतात आणि ते शोधताही येतील, असे खगोलशास्त्रज्ञ ऑटो स्ट्रूव यांनी १९५२मध्येच लिहिले होते, पण ते फारसे कोणी मनावर घेतले नव्हते. हा ग्रह शोधणारे स्विस खगोलशास्त्रज्ञ मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी तारा पुन्हा आकाशात येईपर्यंत वाट पाहिली, जुलै १९९५मध्ये वेध परत घेतले आणि मगच ऑक्टोबरमध्ये शोध जाहीर केला. थोड्याच दिवसांत कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेतून त्याला दुजोरा मिळाला. २०१९मध्ये दोघांना नोबेलही मिळाले.

वातावरणाचे दार उघडले ते अधिक्रमणामुळे, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाण्यामुळे. १९९९मध्ये एचडी २०९४५८ हा तारा, त्याचा ग्रह समोरून जाताना, सुमारे दीड टक्क्याने मंदावलेला दिसला. अशा वेळी ताऱ्याचा थोडासा प्रकाश ग्रहाच्या कडेच्या वायूंमधून गाळून आपल्याकडे येतो आणि प्रत्येक वायू आपापल्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतो. हबलने त्या ग्रहावर सोडियम शोधले तेव्हा सोडियमच्या तरंगलांबीला ही घट फक्त ०.०२ टक्क्याच्या आसपास अधिक होती. एवढ्याशा फरकावर सगळी मदार! केप्लर दुर्बिणीने पुढे २,६००हून अधिक ग्रह शोधून दिले, आणि जेम्स वेब दुर्बिणीने २०२२मध्ये डब्ल्यूएएसपी-३९बी या ग्रहावर कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड निःसंदिग्धपणे दाखवले. यातला सल्फर डायऑक्साइड ताऱ्याच्या प्रकाशाने घडलेल्या रासायनिक क्रियांतून तयार होतो.

तो ग्रह मोठा, गरम आणि फुगलेला होता. छोट्या, खडकाळ ग्रहांकडे वळले की दुर्बिणीइतकाच तारादेखील फसवू शकतो. थंड ताऱ्यांवरच्या डागांत पाण्याची वाफ असते. आपल्या सूर्याच्या डागांतही ती सापडली आहे. तेव्हा वर्णपटात पाणी दिसले, तरी ते ग्रहाचे की ताऱ्याचे हा प्रश्न उरतोच. ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्यासाठी आता एक युक्ती वापरली जाते आहे. त्याच्या सर्वांत आतल्या ग्रहावर दाट वातावरण नसल्याचे वेबने २०२३मध्ये दाखवले. म्हणून तो ग्रह आणि पाण्यासाठी योग्य अंतरावरचा चौथा ग्रह ताऱ्यासमोरून लागोपाठ जातील, अशा वेळा निवडल्या जातात. आतल्या उघड्या ग्रहाच्या वेळी दिसणाऱ्या खुणा ताऱ्याच्या खात्यात टाकायच्या आणि त्या वजा करून उरेल तेवढेच चौथ्या ग्रहाचे मानायचे.