मागच्या चाकात झिरपणारे तेल

जुन्या गाडीच्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला काळपट ओघळ दिसला की जाणता मिस्त्री तो आधी बोटावर घेतो आणि त्याचा वास घेतो. त्यामागे रसायनशास्त्र आहे. डिफरन्शियलमधल्या, म्हणजे इंजिनाची शक्ती मागच्या दोन चाकांना वाटणाऱ्या पेटीतल्या, क्राउन आणि पिनियन या दोन गिअरांचे दात प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घसरतात. ते एकमेकांना चिकटून ओरबाडले जाऊ नयेत म्हणून गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगे घातलेली असतात, आणि गंधकाचा तो उग्र वास लपत नाही. ब्रेक ऑइल पातळ असते, त्याला असा वास नसतो आणि ते पाण्यात सहज मिसळते. गिअर ऑइल पाण्यावर तवंग धरते. एक वाटी पाणी घेतले तरी ओघळ कशाचा आहे ते कळते. ब्रेक ऑइल असेल तर दुखणे चाकातला ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलिंडरचे. गिअर ऑइल असेल तर एक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, टोकाचे तेल अडवणारे ऑइल सील हरले आहे.

उदाहरण म्हणून एमजीए ही ब्रिटिश गाडी घेऊ. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या अबिंग्डन इथे 1955 ते 1962 या काळात ही दोन आसनी स्पोर्ट्स कार बनत होती आणि एक लाखाहून थोड्या अधिक गाड्या तिथून बाहेर पडल्या. सुरुवातीच्या गाड्यांचे 1489 सीसीचे इंजिन आपल्याला अनोळखी नाही. ‘बी-मालिका’ या त्याच कुळातल्या, तेवढ्याच क्षमतेच्या इंजिनाने ॲम्बॅसेडरलाही वर्षानुवर्षे ओढले. एमजीएचा मागचा एक्सल म्हणजे मध्ये फुगीर आणि दोन्ही बाजूंना नळ्या असलेले पोलादी हाउसिंग. नळीच्या टोकावर बेअरिंग, बेअरिंगवर हब म्हणजे चाकाचा मधला गाभा, हबवर ब्रेकचा ड्रम आणि चाक. फुगीर भागातले तेल नळीतून वाहत बेअरिंगपर्यंत येते. तिथून ते ब्रेकमध्ये जाऊ नये म्हणून हबच्या आतल्या बाजूला रबरी ओठाचे सील बसवलेले असते.

हे सील नेमके काय करते, याबद्दल बहुतेकांची समजूत चुकीची असते. बाटलीच्या बुचासारखे ते तेल दाबून धरते, असे आपण मानतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाताना चाक मिनिटाला सुमारे 500 फेरे घेते. रबर इतक्या वेगाने कोरड्या लोखंडावर घासत राहिले तर थोड्याच वेळात करपून जाईल. तरीही चांगले सील वर्षानुवर्षे टिकते. ब्रिटिश संशोधक जॅगर यांनी 1957 साली दाखवले की फिरताना रबरी ओठ आणि लोखंड यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो. त्याची जाडी साधारण एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ओठ त्या थरावर तरंगतो.

मग हा थर बाहेर का सांडत नाही? पृष्ठताणाचा त्यात थोडा हात आहे, पण खरी गंमत ओठाच्या आकारात आहे. ओठाचा तेलाकडचा उतार तीव्र असतो आणि हवेकडचा सौम्य. ओठाच्या पाठीमागे बसवलेल्या गोल स्प्रिंगचा दाब त्यामुळे तेलाच्या बाजूला जास्त पडतो. रबराच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे फिरण्याच्या ओढीने तिरपे होतात आणि बाहेर आलेले तेल परत आत ढकलतात. सील हा एक चिमुकला पंप आहे! उलटे बसवले तर हाच पंप तेल बाहेर फेकतो. म्हणून स्प्रिंगची बाजू नेहमी तेलाकडे हवी. मला तरी यंत्रशास्त्रातल्या मोजक्या सुंदर गोष्टींपैकी ही एक वाटते.

हे लक्षात घेतले की गळतीची कारणे उलगडतात. उष्णतेने आणि वयाने रबर कडक होते आणि ते उंचवटे लवचीक राहत नाहीत. लाखो फेऱ्यांनी लोखंडावर नखाला जाणवेल अशी खाच पडते. बेअरिंग ढिले झाले की ओठ एका बाजूला दबतो, दुसऱ्या बाजूला उचलला जातो. सगळ्यांत दुर्लक्षित कारण मात्र ब्रीदर. हाउसिंगवरचे हे बारीक छिद्र चिखलाने किंवा रंगाने बुजलेले असते. आतली हवा 25 अंशांवरून 75 अंशांवर गेली आणि तिला बाहेर पडायला वाट नसली, तर तिचा दाब सुमारे 17 टक्क्यांनी वाढतो. बिनदाबाच्या कामासाठी बनवलेल्या ओठाला हे झेपत नाही, नवे सीलही गळते आणि मालक सीलच्या नावाने बोटे मोडतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी तार घालून ब्रीदर मोकळा करावा. गाडी सपाट जागी उभी करून तेलाची पातळीही पाहावी. ते भरण्याच्या छिद्राच्या काठापर्यंतच हवे.

आता उकलायचे. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून चालणार नाही, खाली घोडी, म्हणजे लोखंडी टेकू, हवीच. आणि ड्रम काढल्यावर आतली धूळ हवेने उडवू नये. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसात गेले की कर्करोगाचा धोका असतो. धूळ पाण्याने भिजवून फडक्याने टिपावी. तेल प्यालेले लायनर पेट्रोलने धुऊन परत वापरण्याचा मोह होतो, पण ते सच्छिद्र असते. ब्रेक तापला की मुरलेले तेल पुन्हा वर येते आणि गाडी एका बाजूला ओढते. ते बदलावेच, आणि दोन्ही चाकांचे.

हबचा मोठा अष्टकोनी नट खोलताना डाव्या बाजूचे आटे उलटे असतात हे विसरू नये. चाक पुढे जाताना बेअरिंगची ओढ नटाला घट्ट करणाऱ्या दिशेने लागावी, म्हणून ही योजना. जुने सील निघाले की ओठ ज्यावर फिरत होता तो भाग नखाने तपासायचा. खाच असेल तर नवे सील मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकवून कोऱ्या लोखंडावर आणता येते. खाच खोल असेल तर पाव मिलिमीटर जाडीची पोलादी बाही चढवावी लागते. एमरी पेपर लांबीच्या दिशेने किंवा तिरपा फिरवू नये, कारण तिरपे ओरखडे स्क्रूच्या आट्यांसारखे तेल बाहेर वाहून नेतात.

जुन्या साठ्यातले ‘अस्सल’ सील मिळाले म्हणून हुरळून जाऊ नये. डब्यात पडून राहिले तरी रबराचे वय वाढतच असते. आजच्या नायट्राइल रबराचे ताजे सील घ्यावे. त्याच्या ओठाला तेल लावून, आट्यांवर पातळ टेप गुंडाळून, ते सपाट रिंगच्या आधाराने सरळ आत बसवावे. हातोडीचा तिरपा ठोका बसला की पाठीमागची स्प्रिंग निसटते आणि ते बाहेरून दिसतही नाही.

एमजीएत आणखी एक बारकावा आहे. बेअरिंग आणि त्याची कडी हबच्या तोंडापासून इंचाच्या एक ते चार हजारांश भागाएवढी बाहेर उरली पाहिजे, तरच एक्सलचा फ्लँज, म्हणजे टोकाची चपटी तबकडी, त्यांना आवळून धरतो. नाहीतर बेअरिंग हबमध्ये हलत राहते आणि नवा ओठ पुन्हा वाकडा झिजतो. फ्लँजखालचे कागदी गॅस्केट आणि ओ-रिंगही याच वेळी बदलावी.

सगळे जोडून झाल्यावर पन्नासेक किलोमीटर गाडी चालवावी आणि ती गरम असतानाच चाकामागच्या पत्र्याच्या खालच्या कडेवर कोरा पांढरा कागद टेकवावा. रात्रभर उभी ठेवून सकाळी दुसरा कागद. दोन्ही कोरे निघाले तर काम झाले. पहिल्यावर डाग आणि दुसरा कोरा असेल, तर ब्रीदर पुन्हा तपासावा.