नगरसेवकाच्या यादीत चेंबरचं झाकणच का असतं? थोडी मागची गोष्ट

15 जानेवारी 2026 ला राज्यातल्या 29 महापालिकांसाठी मतदान झालं आणि लोकांना बऱ्याच काळानं पुन्हा स्वतःचा नगरसेवक मिळाला. मुंबई-पुण्यात जवळपास चार वर्षं, नवी मुंबई, कोल्हापूर, संभाजीनगर अशा ठिकाणी तर पाच वर्षांच्या वर सभागृह रिकामंच होतं. आता प्रभागाप्रभागातून कामांचे अपडेट यायला लागलेत, अमुक गल्लीतली ड्रेनेज लाइन साफ केली, तमुक चौकातला पथदिवा लावला, पाण्याच्या प्रेशरसाठी अधिकाऱ्यांबरोबर पाहणी केली वगैरे. आणि त्याखाली हमखास कुणीतरी लिहितं की ह्यांना झाकणं आणि बाकडी सोडून काही सुचत नाही का. मला हा राग समजतो, पण नगरसेवकाच्या हातात मुळात काय दिलं गेलं आणि काय कधीच दिलं नाही हे बघायचं तर दीडशेहून जास्त वर्षं मागं जावं लागतं.

सुरुवात मुंबईत. 1865 च्या कायद्यानं शहराचा सगळा कारभार एका म्युनिसिपल कमिशनरच्या, म्हणजे आजच्या भाषेत आयुक्ताच्या, हातात दिला आणि त्या जागी आर्थर क्रॉफर्ड आला. लक्ष ठेवायला जस्टिस ऑफ द पीस मंडळी होती, पण ती सरकारनं नेमलेली, त्यामुळं आवर घालणारं खरं कुणी नव्हतं. क्रॉफर्डनं कामं धडाक्यात केली हे मान्य करायलाच हवं, रस्ते झाले, गटारं झाली, ते प्रसिद्ध क्रॉफर्ड मार्केट झालं, पण खर्चाला धरबंद राहिला नाही आणि भुर्दंड पडला करदात्यांवर. 1871 मध्ये लोक भडकले, सभा झाल्या, क्रॉफर्डला जावं लागलं. तेव्हा बहुतेकांचं म्हणणं होतं की कमिशनरच नको, कारभार समितीकडं द्या. तरुण वकील फिरोजशहा मेहतांनी उलटी बाजू मांडली. काम करणारा माणूस एकच असू दे, पण त्याच्याकडून हिशेब घेणारी सभा करदात्यांनी निवडून दिलेली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्या वेळी ते फारसं कुणाला रुचलं नाही, पण पुढं साधारण तसंच घडलं.

1872 च्या कायद्यानं 64 सदस्यांची कॉर्पोरेशन आली, त्यातले 32 करदात्यांनी निवडायचे, 16 जस्टिसांनी आणि 16 सरकारनं. मग 1888 चा कायदा आला, ज्याच्या घडणीत मेहतांचा मोठा वाटा होता, आणि कितीतरी दुरुस्त्या होऊनसुद्धा मुंबई महापालिका आजही त्याच कायद्यावर चालते. त्यात 72 सदस्य होते, वॉर्डातून निवडलेले 36, जस्टिसांचे 16, सरकारचे 16, विद्यापीठाचे 2 आणि चेंबर ऑफ कॉमर्सचे 2. मधल्या काळात 1882 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला होता, त्यानं इतर शहरांतही निवडून आलेल्या सदस्यांना जागा मिळाली. पण ढाचा ठरून गेला तो मुंबईचा. सभेनं पैसे मंजूर करायचे, धोरण ठरवायचं, जाब विचारायचा आणि प्रत्यक्ष अंमलबजावणी मात्र सरकारनं पाठवलेल्या कमिशनरनं करायची. स्वातंत्र्यानंतर 1949 चा प्रांतिक महापालिका कायदा आला, पुणे महापालिका 1950 मध्ये झाली, तिथंही हीच विभागणी. म्हणजे आज तुम्ही नगरसेवकाला "हा खड्डा बुजवा" म्हणता तेव्हा कायद्यानं त्याच्याकडं एक फावडंसुद्धा नसतं. तो कनिष्ठ अभियंत्याला फोन लावतो, क्षेत्रीय कार्यालयाला लेटरहेडवर पत्र देतो, मग पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज), मग टेंडर, मग कार्यादेश, आणि यातल्या एकाही कागदावर अंतिम सही त्याची नसते.

मग त्याच्याकडं होतं काय? मत होतं आणि आवाज होता. त्याचा वापर कसा होतो हे बघायचं तर पुण्यात जोतीराव फुल्यांकडं बघा, ते 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. (ते नेमलेले सदस्य होते, निवडून आलेले नव्हेत, पण वागले मात्र लोकांचा माणूस म्हणून.) 1880 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागताला हजार रुपये खर्च करायचा विषय सभेपुढं आला. फुल्यांचं म्हणणं साधं होतं, हा पैसा करदात्यांचा आहे, तो गरिबांच्या शिक्षणावर लावा. मतदान झालं आणि विरोधात मत पडलं एकट्या फुल्यांचं. ते हरले, खर्च झाला. पण नोंद राहिली. त्याच वर्षी शहरात दारूच्या दुकानांना परवाने दिले जातायत याविरुद्ध त्यांनी नगरपालिकेकडं लेखी तक्रार केली, आणि गंमत म्हणजे आज कुठल्याही प्रभागात वाइन शॉप उघडलं की बायका नगरसेवकाच्या ऑफिसवर जातात तो विषय तिथपासून चालत आलाय. पुण्यात मोठी मंडई बांधायचा घाट घातला गेला तेव्हाही फुल्यांचा विरोध होता, आधी शाळा बघा म्हणून. आज पुण्याची ती मंडई आणि मुंबईचं ते क्रॉफर्ड मार्केट, दोन्हीला नाव फुल्यांचंच आहे.

ठरावाची ताकद आणि त्याची मर्यादा महाडइतकी स्पष्ट दुसरीकडं कुठं दिसत नाही. 1923 मध्ये मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला की सरकारी पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अशी ठिकाणं अस्पृश्यांनाही खुली असावीत. त्यावर महाड नगरपालिकेनं 1924 मध्ये स्वतःचा ठराव करून चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं. एका छोट्या गावच्या सभागृहानं त्या काळात हे केलं, केवढी मोठी गोष्ट! पण ठराव राहिला कागदावर, कारण तळ्यावर जाऊन पाणी भरायची सोय कुणी केली नाही आणि सवर्णांच्या दहशतीपुढं कुणाला जाता आलं नाही. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्यानंतर काही महिन्यांत, ऑगस्ट 1927 मध्ये, त्याच नगरपालिकेनं तो ठराव मागं घेतला. प्रकरण कोर्टात गेलं आणि हायकोर्टाचा निकाल लोकांच्या बाजूनं लागायला 1937 उजाडलं. म्हणून मला "नुसते ठराव काय कामाचे" हे म्हणणं अर्धंच खरं वाटतं. ठराव होता म्हणून सत्याग्रहींच्या पाठीशी हक्काचा कागद होता, आणि लोक होते म्हणून त्या कागदाला किंमत आली.

मतदानाचा हक्क मात्र फार हळू पसरला. आधी कर भरणारे, मग ठराविक भाडं भरणारे, असं करत करत मुंबई महापालिकेत प्रौढ मतदानानं पहिली निवडणूक 1948 मध्ये झाली. यामुळं विषय बदलले. चाळीत, झोपडपट्टीत राहणारा माणूस मतदार झाल्यावर सभागृहात नळ, संडास, रेशन यायला लागलं. 1961 मध्ये मृणाल गोरे गोरेगावातून मुंबई महापालिकेत निवडून आल्या आणि उपनगरातल्या पाण्यासाठी त्यांनी सभागृहात आणि रस्त्यावर इतकं भांडण केलं की लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणायला लागले. हंडे घेतलेल्या बायका घेऊन अधिकाऱ्यांच्या दारात जायचं आणि तोच प्रश्न सभेत मांडायचा, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र केल्या. पाण्याला आजही प्रत्येक नगरसेवक प्राधान्यक्रमात पहिला नंबर देतो, पण त्यांच्यासारखं किती जण करतात हे आपण आपल्या प्रभागात बघावं.

यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे 74 वी घटनादुरुस्ती, जी 1 जून 1993 पासून लागू झाली. त्याआधी राज्य सरकारला वाटलं तर पालिका बरखास्त करून वर्षानुवर्षं प्रशासक बसवता यायचा. या दुरुस्तीनं पाच वर्षांची मुदत, मुदत संपायच्या आत निवडणूक, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, महिलांना किमान एक तृतीयांश जागा आणि तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरात वॉर्ड समित्या हे सगळं आणलं. महाराष्ट्रानं 2011 मध्ये महिलांचा वाटा निम्मा केला. घटनेच्या बाराव्या परिशिष्टात नगररचना, पाणी, रस्ते, आरोग्य, झोपडपट्टी सुधारणा असे 18 विषय लिहिले गेले, पण ते पालिकेला द्यायचे की नाही हे राज्यांवर सोडलं, आणि खरी गोम इथंच आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाला एसआरए, मोठ्या पुलांना आणि मेट्रोला एमएमआरडीए किंवा पीएमआरडीए, घरांना म्हाडा, अशी राज्य सरकारच्या हाताखालची वेगळी प्राधिकरणं येत गेली आणि नगरसेवक ज्या शहराचा प्रतिनिधी आहे त्या शहराचे मोठे निर्णय त्याच्या सभागृहात येतच नाहीत. आणि आलेला एखादा ठराव सरकारला पटला नाही तर 1949 च्या कायद्याच्या कलम 451 खाली तो विखंडित, म्हणजे रद्द, करता येतो.

कमिशनरचे अधिकार निवडून आलेल्यांकडं द्यायचा एक प्रयत्न झाला होता, 1998 मध्ये मुंबई आणि नागपूरला मेयर इन कौन्सिल, म्हणजे महापौर आणि त्याच्या निवडक सहकाऱ्यांचं मंडळ, आणून. वर्षभरात तो गुंडाळला.

पैशाचं तर अजून अवघड झालं. जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, हे महापालिकेचं स्वतःचं, रोज येणारं उत्पन्न होतं. इतर शहरांत ती जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, 2015 मध्ये तीही बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाली, मुंबईची जकात 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर संपली. त्यानंतर भरपाईसाठी राज्याकडं बघायचं. स्वतःच्या कमाईत पालिकेकडं उरला मुख्यतः मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. अशा वेळी नगरसेवकाला हातात धरता येईल अशी एकच गोष्ट राहते, अंदाजपत्रकात आपल्या प्रभागाच्या नावानं टाकून घेतलेली तरतूद. पुण्यात त्याला स यादी म्हणतात. त्यातून काय होतं तर जे लवकर होतं आणि नाव लावता येतं ते, म्हणजे बाकडी, पेव्हर ब्लॉक, कमानी. चांगला रस्ता उखडून पुन्हा करणं याचं मी समर्थन अजिबात करणार नाही, पण हे कुठून आलं ते कळतं.

त्यात प्रभागांचा घोळ. मुंबई सोडून बाकी महापालिकांत 2002 ला तीन सदस्यांचा प्रभाग, 2007 ला एक, 2012 ला दोन, 2017 ला चार, आणि आता पुन्हा बहुतेक ठिकाणी चारच. सत्तेत जो येतो तो आपल्या सोयीनं बदलतो असं माझं स्पष्ट मत आहे. चार जणांच्या प्रभागात कचऱ्याची तक्रार नेली की प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवतो आणि काम झालं की बोर्डावर चारही फोटो.

आणि मग 2022. ओबीसी आरक्षणाचा विषय सुप्रीम कोर्टात, प्रभाग रचना कुणी करायची यावर कायदे बदलणं, मुंबईत जागा 227 च्या 236 करून परत 227 करणं, या सगळ्यात मुदती संपल्या आणि निवडणुका झाल्या नाहीत. शेवटी मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं निवडणुका घ्यायला सांगितलं, तरी व्हायला जानेवारी उजाडला. एवढी वर्षं आयुक्तच प्रशासक होते, म्हणजे प्रस्ताव मांडणारे तेच आणि स्थायी समिती म्हणून, सभा म्हणून मंजूर करणारेही तेच. क्रॉफर्डच्या वेळी ज्या गोष्टीविरुद्ध लोक उभे राहिले होते जवळपास तीच.

त्यामुळं आत्ता नवीन नगरसेवकांचे अपडेट वाचताना झाकण बदललं म्हणून चिडू नका, ते बदलायलाच हवं होतं. त्याच्याबरोबर विचारा की सभेत हजर होतात का, अंदाजपत्रकावर काय बोललात, लेखी प्रश्न किती दिले, प्रभाग समितीच्या बैठकीत पाण्याचा विषय घेतला का, प्रशासकाच्या काळात मंजूर झालेल्या कामांचे हिशेब मागितले का. 2009 मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली होती, गावात ग्रामसभा असते तशी शहरात मतदारांची बैठक, नगरसेवकानं घ्यायची. ती अजून नीट अंमलात आलेली नाही. एखाद्या नगरसेवकानं यंदाच्या प्राधान्यक्रमात तिचं नाव लिहिलं तर मला मनापासून बरं वाटेल.