जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन आणि मागे पडलेलं सर्व्हिस बुक

कंपनीने सर्व्हिस बुक छापलं तेव्हा गाडी नवी होती, रोज धावणार होती आणि त्या काळचं पेट्रोल-ऑइल वापरणार होती. यातलं आज काहीच उरलेलं नाही. जुन्या स्पोर्ट्स कारबद्दल ‘हे आधीच बदलून टाका’ म्हणून जे सल्ले दिले जातात, त्यांचा उगम बहुतेकदा याच फरकात सापडतो.

पहिला बदल पेट्रोलमधला. 1920च्या दशकापासून नॉकिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी भडकणं) टाळायला पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालत. त्याचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या (धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) सीटवर, म्हणजे ती टेकते त्या कडेवर, बसे आणि झीज रोखे. अमेरिकेत 1975च्या मॉडेलांपासून धुरातले विषारी वायू कमी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. शिशाने ते निकामी होत, त्यामुळे शिसं हटत गेलं; ब्रिटनमध्ये 2000 साली त्याची सर्रास विक्री थांबली. एमजीबीसारख्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांच्या साध्या बिडाच्या सीटमध्ये व्हॉल्व्ह खचू लागले. म्हणून कामासाठी हेड (व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवलंच, तर कठीण सीट बसवून घेण्याची पद्धत पडली.

याच कन्व्हर्टरपायी ऑइलही बदललं. त्यातलं झेडडीडीपी हे जस्त-फॉस्फरसचं संयुग व्हॉल्व्ह उघडणारा कॅम आणि तो ज्यावर दाब देतो ते टॅपेट यांच्या मध्ये राखण करायचं, पण फॉस्फरस कन्व्हर्टरला मारक. 2004च्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम संस्था) एसएम दर्जात पातळ ग्रेडच्या ऑइलसाठी फॉस्फरसची मर्यादा 0.08 टक्के झाली. कॅमखाली फिरते रोलर असलेल्या नव्या इंजिनांना याने फरक पडत नाही. सपाट टॅपेटवर कॅम थेट घासतो, तिथे जास्त झेडडीडीपी असलेलं ऑइल शोधावं लागतं. डब्यावर ‘सर्वात आधुनिक’ लिहिलंय म्हणून उचलू नये, ते याचसाठी.

टायमिंग बेल्टचं, म्हणजे कॅम फिरवणाऱ्या रबरी पट्ट्याचं, दुखणं वेगळं. गाडी उभी असली तरी रबर म्हातारं होतं, त्यामुळे इथे मीटरवरचा आकडा कमी असल्याचं कौतुक फोल आहे. बेल्ट तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. फेरारी एफ355मध्ये तो बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवतात. 1999च्या 360 मोडेनात सीटांमागच्या झाकणातून काम होऊ लागलं.

काही दोष मात्र मुळातलेच. बीएमडब्ल्यूने ई46 एम3च्या कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंग्ज मोहीम काढून बदलून दिल्या. त्या गाडीच्या टॅकोमीटरभोवतीचे (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरभोवतीचे) दिवे इंजिन गरम होईल तसे एकेक विझतात. सगळे विझेपर्यंत जोरात पळवू नका, एवढाच त्यांचा निरोप. पोर्शच्या एम96 इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टची (क्रँकशाफ्टकडून कॅमकडे गती नेणाऱ्या दांड्याची) बेअरिंग सीलबंद होती. सील कमजोर झालं की आतलं ग्रीस धुऊन जायचं, बेअरिंग फुटायची आणि सोबत इंजिनही. प्रकरण अमेरिकेत कोर्टापर्यंत गेलं. आता क्लच उघडला की लगेहात ती बेअरिंगही बदलून घेतात, कारण दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

अशा अनुभवांतूनच ऑइल बदलताना जुना फिल्टर कापून बघण्याची सवय रुळली. कागदाच्या घड्या उलगडून ऑइल निथळू द्यायचं आणि उजेडात धरायचं. बारीक राखाडी धूळ चालते. चकाकणारे कण दिसले तर चुंबक फिरवायचा: चिकटले तर पोलाद, म्हणजे बहुधा चेन, कॅम किंवा बॉल बेअरिंगचं, न चिकटणारे तांबूस कण असतील तर रॉडच्या बेअरिंगचा वरचा थर झिजून खालचा तांब्याचा उघडा पडलाय, आणि तिथून पुढे गाडी चालवायची नाही.