जुना डेस्कटॉप नव्या विंडोजला चालेनासा कधी झाला?

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि अनेकांना पहिल्यांदाच कळलं की आपला धडधाकट पीसी विंडोज ११ साठी अपात्र आहे. इंटेलचा सहाव्या-सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, मागाहून बसवलेली एसएसडी: असं मशीन आजही झटपट सुरू होतं, ब्राउझर आणि ऑफिस विनातक्रार चालवतं. तरीही ते बाद. पूर्वी मशीन आधी कमी पडायचं आणि मग बाद व्हायचं. हा क्रम कसा उलटला, हे पाहायला हवं.

सुरुवातीचा प्रश्न सरळ मेमरीचा होता. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ ला कागदावर ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी रॅम पुरे होती. प्रत्यक्षात तेवढ्या रॅमवर हार्ड डिस्क सतत घरघरत राही. २००१ च्या एक्सपीला किमान ६४ एमबी लागे, म्हणजे सहा वर्षांत सोळापट. जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा आली, तिच्या बहुतेक आवृत्त्यांना १ जीबी हवी होती. या काळात ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) बदलायची तर रॅम वाढवायची, नाहीतर मशीनच बदलायचं, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं.

मग वाढ थांबली. २००९ ची विंडोज ७, २०१२ ची विंडोज ८ आणि २०१५ ची विंडोज १० या तिघींच्या ३२-बिट आवृत्तीची किमान मागणी एकच: १ गिगाहर्ट्झ प्रोसेसर आणि १ जीबी रॅम. विंडोज ८ ने प्रोसेसरमध्ये पीएई, एनएक्स आणि एसएसई-२ या सुविधा सक्तीच्या केल्या, तेव्हा काही जुने पेन्टियम गळाले. फारसा गाजावाजा झाला नाही, पण वेगापेक्षा प्रोसेसरच्या आतल्या सोयींवर मशीन नाकारण्याची ती नांदी होती. पुढे विंडोज ७ आणि ८.१ वापरणाऱ्यांना विंडोज १० वर्षभर मोफत मिळाली. एकदा घेतलेला डेस्कटॉप पुढच्या ओएसवर जातोच, ही आपली समजूत याच वर्षांत पक्की झाली.

त्याच वर्षांत मदरबोर्डवर बरंच काही बदलत होतं. बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर (फर्मवेअर), त्याची जागा यूईएफआयने घेतली. विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट आलं, म्हणजे मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देण्याची सोय. विंडोज १० असलेल्या नव्या मशीनमध्ये टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारा सुरक्षा-घटक) असलाच पाहिजे, अशी अट मायक्रोसॉफ्टने जुलै २०१६ पासून उत्पादकांना घातली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर इतका धुमाकूळ घातला की तीन वर्षांपूर्वी सपोर्ट बंद केलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला पॅच काढावा लागला. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाऊन आणि स्पेक्टर या सुरक्षेतल्या त्रुटी उघड झाल्या, आणि दोष थेट प्रोसेसरच्या रचनेतच असू शकतो हे दिसलं.

या पार्श्वभूमीवर २४ जून २०२१ रोजी विंडोज ११ जाहीर झाली. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा या अटी किरकोळच. खरी मेख टीपीएम २.०, सिक्युअर बूट आणि प्रोसेसरच्या यादीत होती. इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझेन २००० मालिका, साधारण त्यापुढचंच चालणार. सातव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर जानेवारी २०१७ मध्ये बाजारात आले होते. साडेचार वर्षांत ते ‘जुने’ ठरले. ऑगस्टमध्ये त्यातल्या मोजक्यांना सूट मिळाली, तेवढंच.

टीपीएमचा आग्रह मला पटतो. डिस्कच्या एन्क्रिप्शनची किल्ली सुरक्षित ठेवायला त्याचा खरा उपयोग आहे. प्रोसेसरची रेघ मात्र पटत नाही. चाचणीत अपात्र मशीनवर ५२ टक्के अधिक कर्नल क्रॅश झाले (म्हणजे ओएसचा गाभाच कोसळला), असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं. पण त्या आकड्यात दहा-बारा वर्षं जुनी आणि चार वर्षांपूर्वीची अशी सगळी अपात्र मशीन एकत्र आहेत. नेमकी सातव्या आणि आठव्या पिढीमध्येच रेघ का, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

काही डेस्कटॉप तर निव्वळ सेटिंगमुळे अडतात. आठव्या पिढीच्या अनेक मदरबोर्डमध्ये टीपीएम फर्मवेअरमध्येच असतो, पण बंद ठेवलेला. इंटेलच्या बोर्डवर तो पीटीटी नावाने सापडतो. यूईएफआयवरून विंडोज सुरू करायला डिस्कची मांडणी जीपीटी पद्धतीची लागते; ती जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर २०१७ पासून विंडोज १० मध्येच असलेलं एमबीआर-टू-जीपीटी हे टूल डेटा न पुसता ती बदलतं. तरी बॅकअप आधी घ्यावाच.

खरोखर अपात्र मशीनसाठी मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना वाढीव सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देऊ केली. विंडोज ७ च्या वेळी ही सोय घरगुती ग्राहकांसाठी नव्हती. लिनक्स या मोफत ओएसनेही जुनं सोडलं आहेच: ३८६ चा सपोर्ट २०१३ मध्ये गेला, लिनक्सचीच आवृत्ती असलेल्या उबुंटूने ३२-बिट डेस्कटॉप २०१७ मध्ये थांबवला. पण हे प्रोसेसर तोवर खरोखरच वापरातून गेले होते. २०१२ च्या ६४-बिट डेस्कटॉपवर, टीपीएम नसताना आणि जुन्याच बायोसवर, आजचं डेबियन लिनक्स बसतं आणि त्याला सुरक्षा अपडेट्सही मिळतात.